बाबांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं, आता बाबा त्यावर बसत नाहीत

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत, पुण्यात नोकरी करतात. कॉम्प्युटर आणि फोनसाठी नवनवी, शक्यतो मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर शोधून वापरून बघणं हा त्यांचा जुना छंद. वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देण्याचं, छोटं दुकान चालवायचे. आता दुकान बंद आहे, पण ओळखीच्यांच्या लग्नपत्रिका, हँडबिलं आणि स्वतःचं थोडं लेखन ते घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर करत असत. विंडोज ७, पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी असा सगळा संसार. ‘सुरू व्हायला फार वेळ घेतो,’ असं वडील एकदा म्हणाले, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पत्रलेखकांनी जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली, नवी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवली, तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली आणि लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर घातलं, फाइल्स आणल्या. फाइल्स उघडतात, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. वडील तेव्हापासून त्या खुर्चीवर बसलेले नाहीत आणि काही बोलतही नाहीत.

पुण्याच्या घरी पत्नीचे पासवर्ड त्यांनी कीपास या पासवर्ड जपणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये, आणि फोनमधले फोटो सिंकथिंग या फोन व कॉम्प्युटरवरच्या फाइल्स सारख्या ठेवणाऱ्या साधनावर नेले होते. फोनमध्ये जागा व्हावी म्हणून पत्नीनं मुलीच्या गॅदरिंगचे फोटो डिलीट केले, ते घरच्या कॉम्प्युटरवरूनही गेले. शाळेची फी भरायच्या शेवटच्या दिवशी तिला पासवर्ड उघडता येईना आणि हे मीटिंगमध्ये. आता तिनं सांगून टाकलंय, ‘माझ्या फोनला हात लावायचा नाही.’ पत्रलेखक विचारतात, “मी करतो ते सगळ्यांच्या भल्याचंच आहे. चांगलं सॉफ्टवेअर घरच्यांना पटवायचं कसं?”

उत्तर:

पटवायचं कसं ते नंतर पाहू. आधी बाबांची डिस्क.

ती तुम्ही पुसली नाही, नुसती काढून ठेवली, हे पत्रात जाता जाता लिहिलंय. तेवढ्यानं अर्धं काम सोपं झालं आहे. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा ती होती तिथे परत बसवा आणि कॉम्प्युटर दिवाळीआधी होता तसा चालू करून द्या. तेच आयकॉन, त्याच जागी.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० नंतर सर्वसामान्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं, हे तुमच्या ओठावर आलं असेल. बरोबर आहे. पण बाबा त्या कॉम्प्युटरवर बँक उघडत नाहीत, मेल बघत नाहीत. ते पत्रिका लावतात. नेटची केबल काढून टाका. पेन ड्राइव्हची जोखीम उरते, तिच्यावर खात्रीचा इलाज म्हणजे संपूर्ण डिस्कची दुसरी प्रत. आणि इथेच तुमची एसएसडी कामाला येते. क्लोनझिलासारख्या मोफत साधनानं जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर घ्या, एसएसडी आत बसवा आणि मूळ डिस्क पुन्हा कपाटात ठेवा. कॉम्प्युटर तोच राहतो, झटपट सुरू होतो आणि काही बिघडलंच तर मूळ प्रत हाताशी आहे. एसएसडीची क्षमता जुन्या डिस्कपेक्षा कमी असेल तर आधी पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आक्रसून घ्यावं लागेल, ते पुण्यातून निघण्याआधी तपासा. कोणतीही नक्कल करताना ‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन डिस्क दोनदा वाचा. घाईत इथे उलटसुलट झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते.

बाबांची तक्रार काय होती? सुरू व्हायला वेळ लागतो. तिला एवढंच उत्तर पुरेसं होतं. त्यापुढचं सगळं, मिंट, लिबरऑफिस, नवा डेस्कटॉप, ही तुमची भर.

फाइल्समध्ये ती खिचडी का दिसली, हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारखे अनेक हौशी लोक नेमके इथेच अडकतात. छापखाने, तालुक्याची साप्ताहिकं, शाळांची आणि पतसंस्थांची कार्यालयं, सगळीकडे असे गठ्ठे पडून आहेत. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट १९९१ पासून आहे, पण आपल्याकडचं डीटीपी त्याच्या आधारानं वाढलं नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅक या सरकारी संस्थेचे जुने फॉन्ट, हिंदी पट्ट्यातला कृतीदेव, या सर्वांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा म, काना, वेलांटी, रफार. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा कंस. डोळ्यांना मराठी दिसतं ते त्या विशिष्ट फॉन्टमुळे. फॉन्ट नसेल तर खालचं उघडं पडतं.

म्हणजे फाइल बिघडलेली नाही, तिच्यातलं एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नाही. हे बाबांना आजच फोन करून सांगा. माझा अंदाज असा, की ते रागावलेले नसावेत. आयुष्याचं काम गेलं असं त्यांना वाटत असावं, आणि मुलानं हौसेनं केलंय तर त्याला कसं बोलायचं, म्हणून गप्प बसले असतील.

फॉन्टच्या फाइल्स जुन्या डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतील. त्यांची प्रत वेगळी काढून ठेवा. बाबांनी विकत घेतलेले फॉन्ट आहेत, ते या सगळ्या संग्रहाची किल्ली आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७, ही २००१ सालची. पुढे ॲडोबीनं ते वाढवलं नाही. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइल्स उघडण्याची सोय आहे, पण मांडणी तंतोतंत येईल या भरवशावर राहू नका. ती आणीबाणीची वाट आहे. त्यापेक्षा बाबांच्या कॉम्प्युटरवरूनच, तो चालतोय तोवर, महत्त्वाच्या फाइल्सच्या पीडीएफ करून घ्या. फॉन्ट आत गुंफलेला राहिला की ती पीडीएफ कुठेही जशीच्या तशी दिसते. फक्त तिच्यात मराठी शब्द शोधता येणार नाही, कारण खाली इंग्रजीच आहे.

मग युनिकोड. तुमचे हात शिवशिवत असतील, की सगळा संग्रह एकदम बदलून टाकू. नको. एखाद्याची १९९९ सालची लग्नपत्रिका युनिकोडमध्ये आणून कुणाचं काय भलं होणार आहे? (त्या जोडप्याला हवी असेल तर पीडीएफ आहे.) बाबांचं स्वतःचं लेखन मात्र आणण्यासारखं आहे. त्यासाठी फॉन्ट बदलणारी साधनं मिळतात, पण त्यांचं काम वाटतं तितकं सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. साधनाला ही उलटापालट प्रत्येक शब्दात करावी लागते आणि जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरतो. ‘कीर्ती’, ‘सूर्य’, ‘तऱ्हा’, ‘निष्कर्ष’ असे शब्द आधी तपासा. फारच चुका निघाल्या तर दुसरी वाट आहे: पीडीएफ किंवा स्वच्छ छापील पान टेसेरॅक्टसारख्या ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनातून, काढणं. त्याला मराठी येतं, आणि डीटीपीचं नीटस पान हाती लिहिलेल्या किंवा झिजलेल्या पानापेक्षा कितीतरी बरं वाचलं जातं. खासगी मजकूर मात्र कुठल्याही अनोळखी वेबसाइटच्या खिडकीत चिकटवू नका.

कोणत्याही वाटेनं आलेला मजकूर वाचून तपासावाच लागतो. तो तपासायला बाबांइतका लायक माणूस तुम्हाला मिळणार नाही; प्रूफं वाचण्यात त्यांचा जन्म गेलाय. तुम्ही मजकूर काढून छापून द्या, ते लाल पेनानं खुणा करतील. त्यांना कॉम्प्युटरवर काहीही नवं शिकावं लागणार नाही.

कदाचित त्यातून पुढे त्यांना स्वतःलाच युनिकोडमध्ये टंकलेखन करावंसं वाटेल. तेव्हा इन्स्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक शिका म्हणून मागे लागू नका. त्या पिढीतल्या अनेकांचा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला आहे आणि ती मांडणी युनिकोडसाठीही मिळते. जुन्या छापखान्यात कंपोझिटर खिळ्यांच्या (शिशाच्या अक्षरांच्या) केसकडे न बघता टाइप उचलायचा. त्याच्या खणांची मांडणी रात्रीतून कुणी अधिक शास्त्रशुद्ध करून ठेवली असती तर सकाळी काय झालं असतं, याचा विचार करा. तुम्ही दिवाळीत ते केलंत.

आता तुमच्या पत्रातल्या गृहीतकाकडे येते. तुम्ही धरून चाललाय की सॉफ्टवेअर एकतर चांगलं असतं किंवा वाईट, आणि जे चांगलं ते तुम्हाला, बाबांना, पत्नीला, सगळ्यांना सारखंच चांगलं. तुम्हाला नवं काही बसवताना, त्याच्या सेटिंगमध्ये शिरताना मजा येते. अडलं तर त्यातही मजा येते. ज्याला नुसती फी भरायची आहे त्याच्यासाठी ते अडणं म्हणजे निव्वळ अडणं. म्हणून घरात काही आणण्याआधी मी दुसराच प्रश्न विचारेन: तुम्ही फोन उचलला नाहीत तर हे चालेल का?

पत्नीचे दोन्ही प्रसंग याच प्रश्नावर नापास झाले. फोटोंचं आधी बघू, कारण अजून काही वाचण्याची शक्यता आहे. फोनच्या गॅलरीत किंवा गूगल फोटोजमध्ये कचऱ्याचा डबा असतो आणि डिलीट केलेलं तिथे साधारण एक ते दोन महिने राहतं. तो उघडून बघा. घरच्या कॉम्प्युटरवर फोटो साध्या हार्ड डिस्कवर असतील तर त्या डिस्कवर नवं काही लिहिणं थांबवा आणि फोटोरेक नावाचं मोफत साधन चालवून बघा, सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर काढा. एसएसडी असेल तर आशा कमी, कारण पुसलेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करत जाते. नाहीच मिळाले तर इतर पालकांकडे मागा; फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगा, म्हणजे व्हॉट्सॲप त्यांचा दर्जा कमी करणार नाही.

सिंकथिंगनं त्याचं काम चोख केलं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दोन्हीकडे सारखं ठेवायचं, हेच त्याचं काम. एकीकडे पुसलं की दुसरीकडे पुसलं जाणार. फोनच्या बाजूला ‘फक्त पाठवा’ असं लावलं तरी पुसण्याची बातमी पलीकडे पोचतेच. जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय त्यात आहे, पण ती आपण चालू करावी लागते. तुम्ही त्याला बॅकअप समजलात आणि पत्नीला तसंच सांगितलंत. ‘घरी सगळं सेव्ह होतंय’ या विश्वासावर तिनं फोन मोकळा केला. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. शिवाय त्याचं अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४ अखेर थांबलं, आता इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती वापरावी लागते. तुमच्यासारख्याला हे बदल कळतात. तिनं का लक्षात ठेवावेत?

पर्याय काय? तिचा फोन तिला समजणाऱ्या एका जागी आपोआप फोटो पाठवू दे. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, त्यामुळे जास्तीच्या जागेचे पैसे भरावे लागतील. हे तुमच्या तत्त्वात बसत नसेल. पण फोटो निम्मे तिचे आहेत, तेव्हा निर्णयही निम्मा तिचा. तुमच्या समाधानासाठी दर महिन्याला एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क हा अर्धाच बॅकअप.

पासवर्डचंही तसंच. कीपासबद्दल माझी तक्रार नाही, तुम्ही जरूर वापरा. तिच्यासाठी मात्र फोनमध्ये आधीपासून असलेली पासवर्ड जपण्याची सोय पुरेशी आहे. बोट लावलं की उघडते, आणि लक्षात राहत नाही म्हणून सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ती कितीतरी बरी. घरातली सामायिक खाती, म्हणजे महावितरण, गॅस, शाळा, वायफाय, यांचे तपशील एका वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. कागदावर पासवर्ड लिहिणं तुम्हाला अडाणीपणाचं वाटेल. पण घरात शिरलेला चोर दागिने बघतो, विजेच्या बिलाचं खातं नाही. बँकेचा पिन तेवढा त्या वहीत नको.

याच जोडीला तुमच्या स्वतःच्या गूगल खात्यात ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ उघडून बघा. ठरावीक महिने तुम्ही खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय काय हाती द्यायचं, हे तिथे आधीच सांगून ठेवता येतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसू शकतं, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या खात्यांकडेही एकदा नजर टाका.

मग घरच्यांना काहीच द्यायचं नाही का? द्या की. पण नवी सवय न मागणारं द्या. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन घालून दिलं तर खोट्या ‘डाउनलोड’ बटणांवर बोट पडण्याचे प्रसंग कमी होतात आणि वापरणाऱ्याला काहीही शिकावं लागत नाही. (क्रोमनं विस्तारांचे नियम बदलल्यापासून तिथे पूर्वीचं युब्लॉक चालत नाही, तिथे त्याची हलकी आवृत्ती आहे.) कुठलाही व्हिडिओ उघडणारं व्हीएलसी. आणि बाबांसाठी, त्यांनी विचारलं तर, विंडोजवरचं एव्हरीथिंग: ते डिस्कवरच्या फाइलींची मूळ यादीच वाचतं, त्यामुळे नावातली चार अक्षरं टाइप केली की हजारो फाइल्समधून हवी ती त्याच क्षणी समोर येते. डीटीपीवाल्याच्या डिस्कवर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘नवीन फायनल’ यांचं जंगल असतं, तिथे याची किंमत कळते. कुणाचं काम काय आहे हे बघून दिलेलं एक साधन, ‘मस्त आहे’ म्हणून दिलेल्या दहांपेक्षा जास्त टिकतं.

एक गोष्ट मात्र बाबांच्या फोनवर ठेवून येऊ नका: एनीडेस्कसारखं, लांबून पडदा बघू देणारं ॲप. पुण्यातून मदत करायला सोयीचं वाटतं. पण फसवणूक करणारेही वडीलधाऱ्यांना हेच उघडायला सांगतात. रिझर्व्ह बँकेनं त्याबद्दल २०१९ मध्येच सावध केलं होतं. गरज लागेल तेव्हा घाला, काम झालं की काढा, आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये भरून ठेवा.

पत्नीच्या ‘हात लावायचा नाही’ला सध्या होकार द्या. बिनशर्त, टोमणा न मारता. फोटोंबद्दल ‘तू डिलीट केलेस’ हे वाक्य या घरात पुन्हा उच्चारू नका. व्यवस्था तुमची होती. काही महिन्यांनी ती स्वतः एखादी अडचण घेऊन आली, तर तेवढीच सोडवा आणि थांबा. ती आली नाही तरी बिघडत नाही.

राहिली तुमची हौस. पत्र वाचताना मला वाटत राहिलं की घरच्यांनी ते सॉफ्टवेअर वापरावं यापेक्षा तुम्ही शोधलेल्या गोष्टीचं कुणीतरी कौतुक करावं, ही तुमची भूक मोठी आहे. ती खोटी नाही, पण ती भागवण्याची जबाबदारी बाबांवर आणि पत्नीवर टाकू नका. मराठी विकिस्रोतावर स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांची पानं तपासणारे हात लागतात. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या लोकांचे आवाज जमवणाऱ्या प्रकल्पाला मराठी आवाज लागतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादांमध्ये किती ओळी अजून इंग्रजीत आहेत, हे तुम्ही रोज बघतच असाल. आणि श्रीलिपीतून युनिकोडमध्ये येताना बाबांच्या लाल पेनानं ज्या चुका सापडतील, त्यांची नीट यादी केलीत तर तुमच्यासारख्याच गठ्ठ्यावर बसलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाला ती फार उपयोगाची पडेल.

गावी निघण्याआधी क्लोनझिलाचा पेन ड्राइव्ह पुण्यातच बनवून एकदा सुरू करून बघा. बाबांच्या सॉफ्टवेअरला मागे लावायचं डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) असेल तर ते कुठे आहे हे फोनवरच विचारून ठेवा. दिवाळीच्या आवराआवरीत अशा वस्तू ड्रॉवरच्या तळाशी जातात. आणि पेजमेकर, श्रीलिपी, जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर, या सगळ्यांच्या सीडी सापडल्या तर त्यांच्याही प्रती काढून घ्या, सीडी ड्राइव्ह अजून चालतोय तोवर.